वेब पेजचे टायटल कसे लिहावे? महाबळेश्वरच्या उदाहरणांसह

गुगलवर काही शोधले की निकालात जी मोठ्या अक्षरांतली ओळ दिसते, ती बहुतेक वेळा त्या पानाच्या टायटल टॅगमधून आलेली असते. ब्राउझरच्या टॅबवर दिसते तीही हीच. पानावर कितीही चांगला मजकूर असला तरी उघडायचे की पुढे जायचे, हे वाचणारा या एका ओळीवरून ठरवतो.

समजा, महाबळेश्वरजवळ मेटगुताडला एका कुटुंबाने घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी ठेवल्या आणि स्वतःची वेबसाइट केली. करून देणाऱ्याने पहिल्या पानाचे टायटल 'होम' असेच सोडले. आता 'महाबळेश्वर होमस्टे घरगुती जेवण' असे शोधणाऱ्याला हे पान आपल्या कामाचे आहे हे कळणार कसे? गुगललाही ती जुळणी करायला टायटलची मदत होत नाही. मग ग्राहक मोठ्या बुकिंग साइटवरून येतो आणि प्रत्येक मुक्कामामागे कमिशन जाते. त्याऐवजी 'मेटगुताड होमस्टे: महाबळेश्वरजवळ घरगुती जेवणासह मुक्काम' असे लिहिले, तर ठिकाण, सोय आणि वेगळेपण एका ओळीत येते.

लोक काय टाइप करतात?

टायटल लिहिण्याआधी हा प्रश्न विचारावा. विल्सन पॉइंटला बरेच पर्यटक सनराइज पॉइंट म्हणतात आणि बॉम्बे पॉइंटला सनसेट पॉइंट. अशा वेळी 'विल्सन पॉइंट (सनराइज पॉइंट), महाबळेश्वर' असे लिहिले की दोन्ही नावांनी शोधणारे पोचतात. भिलारचेही तसेच. ४ मे २०१७ रोजी तिथे 'पुस्तकांचं गाव' सुरू झाले. नुसते 'भिलार' असे टायटल ठेवले, तर गावाचे नाव विसरलेल्या पण पुस्तकांचे गाव लक्षात असलेल्या माणसाला ते पान ओळखूच येणार नाही.

'महाबळेश्वर मंदिर' हे टायटल पुरेसे वाटते, पण कर्नाटकात गोकर्णलाही प्रसिद्ध महाबळेश्वर मंदिर आहे. सातारा जिल्ह्यातले मंदिर शहराच्या बाजारपेठेत नसून क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरला आहे. म्हणून 'श्री महाबळेश्वर मंदिर, क्षेत्र महाबळेश्वर (सातारा)' असे स्पष्ट लिहावे. दोन शब्द वाढतात, पण चुकीच्या राज्यातला वाचक येत नाही.

लांबी किती असावी?

५० ते ६० अक्षरांचा नियम सगळीकडे सांगितला जातो. गुगलने मात्र अशी मर्यादा ठरवलेली नाही. निकालात जागा मावेल तेवढेच दिसते आणि उरलेले कापले जाते. शिवाय हा आकडा इंग्रजी अक्षरांवरून आलेला आहे. 'महाबळेश्वर' हा शब्द आपल्या डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, पण संगणक काना, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळा धरून तो दहा मोजतो. त्यामुळे मोजणी दाखवणारे प्लगइन मराठी टायटलला विनाकारण लाल खूण देते. त्या खुणेला फार घाबरू नये. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला ठेवावेत, म्हणजे शेवट कापला गेला तरी अर्थ उरतो.

'महाबळेश्वर हॉटेल, स्वस्त हॉटेल महाबळेश्वर, बेस्ट हॉटेल महाबळेश्वर' अशी माळ लावणे हा जुना रोग आहे. वाचणाऱ्याला ते जाहिरातीच्या भोंग्यासारखे वाटते आणि गुगलही अशी टायटल टाळायला सांगते. प्रत्येक पानाला तेच टायटल देणे हीसुद्धा तशीच चूक. खोल्या, दरपत्रक आणि 'कसे पोचाल' या तीन पानांची टायटलही तीन हवीत.

सोशल मीडियावर चालते ते इथे चालतेच असे नाही

'महाबळेश्वरची ही जागा पाहून थक्क व्हाल!' हे इन्स्टाग्रामवर ठीक आहे, कारण तिथे माणूस काही शोधत नसतो, समोर येईल ते पाहतो. सर्चमध्ये 'ही जागा' असे कुणी टाइप करत नाही. दोन्ही साधायचे असेल तर सोय आहे: व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर लिंक टाकल्यावर दिसणारे शीर्षक ओजी टायटल या वेगळ्या टॅगमध्ये देता येते. मात्र थक्क करण्याचे वचन दिले असेल तर पानात तसे काही असावे.

तुम्ही लिहिलेलेच टायटल गुगल दाखवील याचीही खात्री नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये गुगलने याची पद्धत बदलली. टायटल रिकामे, फार लांब, जुने किंवा पानाशी न जुळणारे असेल, तर गुगल पानावरच्या मुख्य मथळ्यातून किंवा इतर मजकुरातून दुसरे तयार करते. स्ट्रॉबेरीच्या हंगामाची माहिती दरवर्षी बदलली आणि टायटलमध्ये साल मात्र २०१९ राहिले, तर हे होऊ शकते. म्हणून पानावरचा मथळा आणि टायटल एकमेकांशी जुळते ठेवावे आणि साल गरज असेल तरच घालावे.

टायटल बदलल्यावर निकालात फरक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. गुगल पान पुन्हा वाचेपर्यंत जुनेच टायटल दिसत राहते. सर्च कन्सोल या गुगलच्या मोफत साधनात लोक कोणते शब्द शोधून तुमच्या पानापर्यंत आले ते दिसते. तिथे एखादे पान अनेकदा दिसले पण उघडले फार कमी वेळा गेले असेल, तर दुरुस्तीला त्याच पानाच्या टायटलपासून सुरुवात करावी.