पाच कलांचं राज्य

बुधवार, ११ जून १६४५. तुम्ही लंडनमध्ये, स्ट्रँड रस्त्यावरच्या एका माडीवर पहाटेच टेबलाशी बसला आहात. समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये आज २१ तारीख आहे, कारण पोपनं सुधारलेलं कॅलेंडर प्रोटेस्टंट इंग्लंडनं अजून मानलेलं नाही. सूर्याला त्याचं काही नाही. आज तो सायन कर्केत शिरणार आणि दक्षिणायन लागणार. त्या क्षणाची कुंडली मांडून पुढचे तीन महिने इंग्लंडचे कसे जातील ते सांगायचं, हे तुमचं काम. आपल्याकडे ज्याला मेदिनीय ज्योतिष म्हणतात, तेच हे.

बाहेर यादवी पेटली आहे. लंडन पार्लमेंटचं आहे, ऑक्सफर्ड राजा पहिल्या चार्ल्सचं. भाकिताला गिऱ्हाईक दोन्हीकडे आहे.

पण मुळात क्षण सापडायला हवा. अयनाच्या सुमारास माध्यान्हीची सावली कित्येक दिवस जवळजवळ तेवढीच राहते, त्यामुळे सूर्य नेमका कधी वळला ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून तुम्ही छापील कोष्टकं उघडता. सूर्य या दिवसांत दिवसाला जेमतेम ५७ कला चालतो. कोष्टकात एका कलेची चूक असेल, तर वेळ २५ मिनिटांनी चुकते. पाच कलांची असेल, तर दोन तासांनी. आणि दोन तासांत पूर्व क्षितिजावरचं लग्नच बदलू शकतं.

मेदिनीयात लग्न म्हणजे प्रजा, दशम म्हणजे राजा, सप्तम म्हणजे उघड शत्रू, षष्ठ म्हणजे रोगराई. तुमच्या गणितात संक्रमण सकाळी सातच्या सुमारास येतं. सिंह लग्न, लग्नेश रवी. रवी तर राजाचा कारक! प्रजेची सूत्रं राजाच्या हाती, असं फळ ऑक्सफर्डात डोक्यावर घेतील. आता सूर्य पाच कला पुढे धरून बघा. वेळ पाचवर येते, लग्न कर्क होतं, लग्नेश चंद्र. चंद्र सामान्य जनतेचा कारक, म्हणजे पार्लमेंटची सरशी. पाच कला मागे धरलात, तर नऊच्या सुमारास लग्न कन्येच्या उंबरठ्यावर जातं आणि सूत्रं बुधाकडे. नियम एकही मोडलेला नाही, तरी राज्याचा धनी तीनदा बदलला.

याच रस्त्यावर विल्यम लिली हा ज्योतिषी राहतो. वय ४३, पार्लमेंटच्या बाजूचा. या वर्षीच्या त्याच्या छापील भाकितात जूनबद्दल लिहिलं आहे की आत्ता लढलो, तर विजय आपला. तिकडे राजाच्या गोटात जॉर्ज व्हार्टन आहे. मे महिन्यात राजा ऑक्सफर्डहून फौज घेऊन निघाला, तेव्हा व्हार्टननं ग्रह राजाला अनुकूल असल्याचं छापून टाकलं. आकाश एकच, गणिताची रीतही एकच. वेगळी आहे ती फक्त ज्याच्या त्याच्या गावातली सत्ता.

शनिवारपर्यंत थांबा. १४ जूनला नेझबीच्या माळावर पार्लमेंटचे सेनानी फेअरफॅक्स आणि क्रॉमवेल राजाच्या फौजेचा धुव्वा उडवतात. त्याच दिवशी लिलीचं ‘द स्टारी मेसेंजर’ बाजारात येतं. आदल्या नोव्हेंबरात, नेमक्या राजाच्या वाढदिवशी, लंडनवर तीन सूर्य दिसले होते. त्या अपशकुनाचा अर्थ त्यात लावला आहे. लिलीचं नाव घरोघर पोचतं. कोष्टकातल्या कलांची चौकशी कोणी करत नाही.

तुम्हाला त्याचं नवल वाटत असेल, तर तीन वर्षं पुढे, १६४८ च्या उन्हाळ्यात, कोलचेस्टरच्या वेढ्यात चला. शहर राजाच्या लोकांनी धरून ठेवलं आहे आणि बाहेर पार्लमेंटचे सैनिक कंटाळले आहेत. त्यांना धीर द्यायला लिली आणि जॉन बुकर या दोन ज्योतिष्यांना छावणीत आणलं आहे. शहर लवकरच पडेल, असं ते सैनिकांना सांगतात. या दोघांना बोलावणाऱ्यांना भविष्य जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांना ते घडवायला माणसं हवी होती.