तासणीच्या धारेची साक्ष

वीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, हिमयुगात, रशियातील डॉन नदीकाठी कोस्तेंकी येथे राहणाऱ्या माणसांना कातड्याच्या वस्त्रांवाचून हिवाळा काढणे दुष्कर होते. तेथे चकमकीच्या तासण्या सापडल्या. पण केवळ आकारावरून त्यांचा उपयोग निश्चित ठरेना. सर्गेई सेम्योनोव्ह या संशोधकाने त्यांच्या धारा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. कापण्याने ओरखडे धारेला समांतर पडतात. येथे ते काटकोनात होते, आणि धार झिजून गुळगुळीत झाली होती. म्हणजे तासणीने कातड्यावरील मांस व चरबी खरवडली जात असे. पुष्कळ तासण्यांची उजवी बाजू अधिक झिजलेली होती. अर्थात काम उजव्या हाताचे. हे संशोधन १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्या हातांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, त्यांचे कष्ट दगडाने जपून ठेवले आहेत.