टोचणारी चव

'स्वीट' आणि 'सावर' पहिल्याच धड्यात येतात. अडतं ते संत्र्याच्या फोडीपाशी. आंबट म्हणावं तर गोड आहे, आणि जिभेला झिणझिण्याही आणते. इंग्रजीत ती 'टँगी'. मुळातला 'टँग' जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ टोक. मध्ययुगीन इंग्रजीत तो सापाच्या जिभेलाही लागला, कारण साप जिभेनं डसतो असा समज होता. मग चवीला. सुरीच्या पात्याचा मुठीत शिरणारा निमुळता भाग आजही टँगच.

'टार्ट' त्याच जातकुळीतला: जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ तीव्र, कठोर. त्यामानाने लॅटिन वळणाचा 'ॲस्ट्रिंजंट', म्हणजे आवळून धरणारा, फारच पुस्तकी. जांभळानं जीभ आखडली की मराठी पोरही सहज 'तुरट' म्हणतं.