संग्राह्य मोटारींची दीर्घकालीन साठवण : वास्को व किनारी गोवा

जुनी, दुर्मिळ किंवा ऐतिहासिक मोलाची मोटार काही महिने ते काही वर्षे न चालवता ठेवायची असल्यास तिचा पत्रा, इंजिन, रबर, कातडे आणि वायरिंग शाबूत राहावे म्हणून घ्यावयाची काळजी. युरोप-अमेरिकेत अशा गाड्या मुख्यतः हिवाळ्यात बंद ठेवतात. तेथे पाणी गोठण्याची आणि रस्त्यांवर टाकलेल्या मिठाची भीती असते. गोव्यात बंद ठेवण्याचा हंगाम जून ते सप्टेंबर असा आहे. पाणी येथे गोठत नाही, आणि मीठ समुद्राच्या वाऱ्याबरोबर घरात येते. त्यामुळे थंड देशांतील पुस्तकांमधील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

पार्श्वभूमी : पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत लोहखनिजाच्या निर्यातीतून गोव्यात पैसा आला. आयातीवर भारतासारखे निर्बंध नसल्याने परदेशी मोटारीही सहज मिळत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर भारताचे आयातनियम लागू झाले आणि आहे तीच गाडी सांभाळून वापरणे भाग पडले. पुढे अँबॅसडर आणि फियाट याही जुन्या होऊन संग्राहकांच्या आवडीच्या झाल्या. सासष्टी तालुक्यात नुवे येथे ‘अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड’ हे जुन्या मोटारींचे खासगी संग्रहालय आहे. याखेरीज बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या गाड्या एकेका करारापुरत्या घरी उभ्या राहतात.

हवामान : वास्को शहर मुरगाव द्वीपकल्पावर, झुआरी नदीच्या मुखाशी वसले आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांवर असते. पोलादाचा गंज साधारण ६० टक्क्यांपुढे वेग घेतो. मीठ तर ७५ टक्क्यांपुढे हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळते. म्हणजे पत्र्यावर बसलेला खारा थर पावसाचा एक थेंब न लागताही ओला होतो. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो. त्याची काळी धूळ ओलावा धरून ठेवते आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास रंगावर चरे पाडते. पेडण्यात मोरजी-हरमलचा किनारा आणि आगरवाड्याची मिठागरे यांमुळे खारी हवा मिळते. डिचोली समुद्रापासून आत असल्याने तेथे मीठ कमी, पण पाऊस जास्त आणि खाणपट्ट्यातील लाल धूळ त्रासदायक.

जागा : साठवणीचे दोनच मार्ग खात्रीचे आहेत. पहिला, खोली घट्ट बंद करून डिह्युमिडिफायरने आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखणे. दुसरा, हवा खेळती ठेवून गाडी नियमित तपासत राहणे. अर्धवट उपाय अधिक घातक ठरतात. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वाफ कोंडून पत्रा घामेजतो, म्हणून वर सुती, हवा जाऊ देणारे आच्छादन घालावे. प्लॅस्टिकची जागा गाडीच्या खाली आहे : जांभ्या दगडाच्या घरात ओल जमिनीतून वर येत असल्याने फरशीवर जाड प्लॅस्टिकचे कापड अंथरतात. पावसाळ्यात खिडक्या उघडल्याने खोली सुकत नाही, फक्त कुबट हवा बदलते आणि बुरशी कमी धरते. खरी कोरडी हवा डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी मिळते. माडाखाली गाडी ठेवू नये. मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरून ओलावा शोषणारी भांडी गाडीत ठेवणे टाळावे, कारण त्यांतून सांडणारे पाणी पत्रा खाते. सिलिका जेलला ही भीती नाही.

तयारी : गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवतात. दारांच्या तळाची आणि उंबऱ्याच्या पत्र्याची पाणी निघण्याची छिद्रे मोकळी करतात, पोकळ भागांत गंजरोधक मेण फवारतात, क्रोमवर व्हॅसलिनचा पातळ हात देतात. जुन्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले आणि पाणी असते, म्हणून ते साठवणीनंतर नव्हे, आधी बदलतात. कूलंट येथे गंजरोधक म्हणून लागते. काचा किंचित खाली ठेवण्याऐवजी पूर्ण बंद करून आत सिलिका जेल ठेवणे उंदरांपासून बचावासाठी सोयीचे. सायलेन्सरचे व एअर फिल्टरचे तोंड जाळीने बुजवतात.

पेट्रोलचा प्रश्न आता अधिक गंभीर झाला आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल पाणी शोषते. प्रमाण वाढल्यास पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा पडतो आणि पोलादी टाकी, कार्ब्युरेटरचे जस्ताचे भाग व जुने रबरी पाइप यांना त्रास देतो. दीर्घ मुदतीसाठी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून टाकी आतून तेलाने ओली ठेवणे बरे.

हँडब्रेक सोडून चाकांना पाचर लावतात, नाहीतर ब्रेकशू ड्रमला चिकटतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरू नये म्हणून पेडल लाकडाने दाबून ठेवण्याची पद्धत आहे. टायर चपटे पडू नयेत म्हणून हवेचा दाब थोडा वाढवतात किंवा गाडी जॅकस्टँडवर घेतात. स्टँड चेसिसखाली न लावता अॅक्सलखाली लावल्यास स्प्रिंगांवर नेहमीचा भार राहतो. बॅटरी काढून ठेवतात : १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि उष्ण हवेत ती लवकर उतरते. अनेक जुन्या गाड्यांची विद्युत्‌व्यवस्था ६ व्होल्टची असल्याने चार्जर त्यानुसार निवडावा लागतो.

साठवणीतील देखभाल : आठवड्याला पाच मिनिटे इंजिन सुरू करण्याची सवय हानिकारक आहे. तेवढ्यात इंजिन तापत नाही, आणि ज्वलनातून तयार झालेले पाणी ऑइलमध्ये व सायलेन्सरमध्ये साचते. एकतर गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवावी, नाहीतर सुरूच करू नये. त्याऐवजी प्लगच्या छिद्रांतून थोडे ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवतात. कातड्यावरील बुरशी, लाकडी सांगाड्याची वाळवी आणि वायरी कुरतडणारे उंदीर यांची पाहणी दर पंधरवड्याला करतात.

पुन्हा वापर : ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषत असल्याने ते बदलतात. होज, व्हील सिलिंडर आणि टायरच्या बाजू तपासतात, नवे पेट्रोल भरतात आणि प्लग काढून ऑइलचा दाब येईपर्यंत इंजिन फिरवतात. पहिली फेरी ब्रेकची खात्री पटल्यावरच.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कामांसाठी तिला रस्त्यावर आणण्याची मुभा आहे. त्यामुळे नोंदणीकृत व्हिंटेज मोटारीचा बहुतेक काळ उभ्यानेच जातो आणि साठवण हीच तिची मुख्य देखभाल ठरते.