पर्वतीय शिकारी रायफल

पर्वतीय शिकारी रायफल हा बोल्ट-चलित शिकारी रायफलींचा एक हलका प्रकार आहे. उंच डोंगराळ प्रदेशात दिवसेंदिवस पायी फिरून करावयाच्या शिकारीसाठी ती वापरली जाते. अलास्का, कॅनडाचा पश्चिम भाग, आल्प्स पर्वत आणि न्यूझीलंड ही तिच्या वापराची प्रमुख क्षेत्रे आहेत. पाऊस, हिम व खारे वारे सहन करता यावेत म्हणून आधुनिक पर्वतीय रायफल बहुधा गंजरोधक पोलाद आणि कृत्रिम दस्ता यांची बनवतात. दुर्बीण न लावता तिचे वजन साधारणतः २.२ ते ३ किलोग्रॅम असते. सामान्य शिकारी रायफल याहून अर्धा ते एक किलोने जड असते.

इतिहास

हलक्या रायफलीची कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियात १९०३ पासून बनू लागलेली मानलिशर-शोनावर ही आखूड, सुबक रायफल युरोपातील डोंगरी शिकाऱ्यांत लोकप्रिय होती. अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने १९५२ मध्ये आपल्या 'मॉडेल ७०' ची 'फेदरवेट' ही हलकी आवृत्ती आणली. तिची नळी बारीक होती आणि खालचे काही भाग पोलादाऐवजी अॅल्युमिनियमचे होते. 'आउटडोअर लाइफ' मासिकातील स्तंभलेखक जॅक ओकॉनर यांनी रानमेंढ्यांच्या शिकारीवरील लेखांतून अशा रायफलीचा आणि १९२५ मध्ये बाजारात आलेल्या .२७० विंचेस्टर या काडतुसाचा पुरस्कार केला.

या सर्व रायफली लाकडी दस्त्याच्या होत्या. खरा बदल १९८० च्या दशकात झाला. वेस्ट व्हर्जिनियातील मेल्विन फोर्ब्स यांनी तयार रायफलीचे भाग कोरून वजन घटवण्याची प्रचलित रीत सोडली. त्यांनी काडतुसाच्या मापाला बेताचा असा लहान अॅक्शन नव्याने आखला आणि त्याला केव्हलार व ग्रॅफाइट तंतूंचा दस्ता जोडला. त्यांच्या 'अल्ट्रा लाइट आर्म्स मॉडेल २०' चे वजन सुमारे २.३ किलो भरे. रेमिंग्टनने १९८६ मध्ये 'मॉडेल ७००' ची 'माउंटन रायफल' काढली. तिचा दस्ता मात्र अक्रोडाचाच होता. पुढे किंबर कंपनीची 'मोंटाना' आणि फिनलंडमधील टिक्का टी३ ची स्टेनलेस आवृत्ती यांमुळे हा प्रकार कारागिराच्या कार्यशाळेतून सामान्य दुकानात पोहोचला.

ओलावा आणि अचूकता

अक्रोडाचा दस्ता दिसायला देखणा असला तरी लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. दस्त्याचा पुढचा भाग किंचित वाकून नळीला टेकला, की नळीवर एका बाजूने दाब येतो आणि गोळी लागण्याची जागा सरकते. घरी नेम बसवलेली रायफल आठवडाभराच्या पावसानंतर ३०० मीटरवर वेगळ्याच ठिकाणी मारते, आणि हे शिकाऱ्याला बहुधा जनावर जखमी होऊन निसटल्यावरच कळते. म्हणून हवामानरोधक रायफलीत गंजापेक्षाही दस्त्याची स्थिरता अधिक महत्त्वाची मानली पाहिजे. गंज डोळ्यांना दिसतो, सरकलेला नेम दिसत नाही.

यावर काचतंतू, केव्हलार किंवा कार्बन तंतूंचा दस्ता हा आज सर्वमान्य उपाय आहे. बहुतेक निर्माते नळी आणि दस्ता यांच्यात सर्वत्र फट ठेवतात. फोर्ब्स यांनी उलट पूर्ण लांबीभर नळीला आधार दिला. दस्ता ताठ असेल तर दोन्ही रीती चालतात. साच्यात ओतलेले स्वस्त प्लास्टिकचे दस्ते पाण्याने बिघडत नाहीत, पण त्यांतील काही इतके लवचीक असतात की पट्टा ताणून नेम धरताच पुढचा भाग नळीला टेकतो. पातळ लाकडी थर राळेने चिकटवून केलेला दस्ता स्थिर असतो, मात्र जड असतो. कॅनडाच्या रेंजर्स दलाने जुन्या ली-एनफिल्डच्या जागी स्वीकारलेल्या, टिक्कावर आधारित सी१९ रायफलीचा दस्ता असाच लाल रंगाचा आहे.

नळीसाठी बहुधा ४१६ जातीचे स्टेनलेस पोलाद वापरतात. ते गंजाला प्रतिकार करते, पण गंजतच नाही असे नव्हे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत त्यावरही डाग पडतात. तीव्र थंडीत ते ठिसूळ होऊ शकते, असा इशारा काही नळी-निर्माते देतात. पारंपरिक निळसर मुलामा हा लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर असून तेलाचा हात सतत फिरवला तरच तो टिकतो. बाहेरून स्टेनलेस दिसणाऱ्या कित्येक रायफलींत चापाचे सुटे भाग आणि स्प्रिंगा साध्या पोलादाच्याच असतात, ही बाब विकत घेताना सहसा दुर्लक्षित राहते.

कडक थंडीत बोल्टमधील दाट तेल गोठून आघातसुई मंदावते व काडतूस फुटत नाही. म्हणून तेथे तेल जवळजवळ पुसून काढतात. थंडीतून उबदार तंबूत आणलेल्या रायफलीवर दव जमते आणि पुन्हा बाहेर नेल्यावर त्याचे बर्फ होते. त्यामुळे ती रात्री बाहेरच, आडोशाला ठेवण्याची रीत आहे. नळीत हिम वा चिखल अडकल्यास गोळी झाडताना नळी फुटू शकते. तिच्या तोंडावर पातळ चिकटपट्टी लावून हा धोका टाळतात.

वजनाचे गणित

वजन कमी केल्याची किंमत उसळीत मोजावी लागते. काडतूस तेच असेल तर उसळीची ऊर्जा रायफलीच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. शस्त्र ४ किलोवरून ३ किलोवर आले की ती सुमारे एक तृतीयांशाने, आणि २.५ किलोवर आले की ६० टक्क्यांनी वाढते. अशी रायफल खांद्याला लावणारा माणूस नकळत डोळे मिटू लागतो आणि सराव टाळू लागतो. शिवाय हलके शस्त्र धापा टाकणाऱ्या हातांत अधिक थरथरते आणि बारीक नळी तीन-चार गोळ्यांतच तापते. या कारणांमुळे .३०८ विंचेस्टर, ७ मिमी-०८ किंवा .२७० यांसारखी मध्यम काडतुसे या रायफलीला शोभतात. प्रचंड अस्वलांच्या प्रदेशात जड काडतुसाचा आग्रह धरणारे शिकारी थोडे अधिक वजन पत्करतात.

निर्मात्याच्या पत्रकातील आकडा नुसत्या रायफलीचा असतो. दुर्बीण, तिची कडी, पट्टा आणि काडतुसे धरली तर २.५ किलोची रायफल प्रत्यक्षात ३.२ किलोच्या आसपास जाते. टायटॅनियमच्या बोल्टवर पैसे खर्चून वर जड दुर्बीण चढवणे त्यामुळे व्यर्थ ठरते.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. मानवी जीवितास धोका निर्माण करणाऱ्या प्राण्याबाबत वगैरे मोजक्या प्रसंगी अधिकृत परवानगीनेच कारवाई होते. शस्त्र बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. परवानाधारकांकडे आढळणारी देशी .३१५ रायफल ली-एनफिल्डच्या घडणीची, लाकडी दस्त्याची आहे. हलक्या रायफलीची परंपरा मात्र येथेही होती. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी ही कुमाऊंच्या डोंगरांत पायी वागवलेली अशीच रायफल होती.