वेळ वाचवण्यासाठी वीस वर्षे

एखादे काम लवकर उरकावे म्हणून नवी पद्धत बसवायची, तर आधी त्या पद्धतीसाठीच वेळ खर्च करावा लागतो. हा वेळ पुढे भरून निघतो का? लॉगॅरिथमच्या कोष्टकांचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञांचा बराच काळ आकडेमोडीत जाई. सात अंकी दोन संख्या गुणायच्या म्हणजे एकेका अंकाचे ४९ गुणाकार, शिवाय बेरजा. मंगळाची कक्षा शोधताना एक आकडेमोड किमान ७० वेळा करावी लागली, असे केप्लरने १६०९ सालच्या ग्रंथात नमूद केले आहे.

एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचा जमीनदार जॉन नेपिअर याने गुणाकाराचे काम बेरजेवर आणले. तत्त्व असे : २, ४, ८, १६, ३२ या संख्यांना अनुक्रमे १ ते ५ क्रमांक द्या. ४ ला ८ ने गुणायचे असेल, तर त्यांचे क्रमांक २ आणि ३ मिळवा. पाचव्या क्रमांकावर ३२ हे उत्तर मिळते. मधल्या संख्यांनाही असे क्रमांक देता आले, की कोणताही गुणाकार बेरजेने होतो. नेपिअरची प्रत्यक्ष रचना थोडी वेगळी होती, पण मर्म हेच. कोष्टके तयार करण्यात त्याची सुमारे २० वर्षे गेली. ती १६१४ साली प्रसिद्ध झाली आणि १६१७ साली नेपिअर वारला.

आता हिशोब करू. समजा, तो रोज चार तास या कामाला देत होता आणि कोष्टकामुळे दर गुणाकारामागे पाच मिनिटे वाचतात. २० वर्षांचे २९,२०० तास भरून काढायला ३,५०,४०० गुणाकार हवेत. उरलेल्या तीन वर्षांत त्याला रोज ३२० गुणाकार करावे लागले असते! म्हणजे स्वतःपुरता हा व्यवहार तोट्याचाच. पण तीच कोष्टके हजार जणांनी वापरली, तर प्रत्येकी सुमारे ३५० गुणाकारांतच भरपाई होते.

घडलेही तसेच. लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ साली नेपिअरला भेटायला गेले. दहा या पायावरची कोष्टके सोयीची, यावर दोघांचे एकमत झाले. १६२४ साली ब्रिग्जने ३०,००० संख्यांचे लॉगॅरिथम १४ दशांश स्थळांपर्यंत छापले. उरलेल्या ७०,००० संख्यांची भर घालून, दहा स्थळांपुरते का होईना, १६२८ साली व्लाक याने काम पुरे केले.

केप्लरने ही पद्धत उचलली, तेव्हा त्याचे गुरू मेस्टलिन यांना ते रुचले नाही. आकडेमोड सोपी झाली म्हणून गणिताच्या प्राध्यापकाने हुरळून जाऊ नये, आधी सिद्धता हवी, असे त्यांचे मत होते. केप्लरने स्वतः सिद्धता रचली आणि १६२७ सालच्या आपल्या ग्रहकोष्टकांत लॉगॅरिथम वापरले.

तेव्हा नवी पद्धत बसवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : हे काम पुढे किती वेळा करायचे आहे, आणि किती जणांना करायचे आहे? एका शिक्षकाने स्वतःच्या एका तासासाठी आठवडाभर खपून केलेला तक्ता कदाचित महागात पडेल. तोच तक्ता तालुक्यातल्या सर्व शाळांत फिरला, तर तो आठवडा स्वस्तच म्हणायचा.