जिमखाना फी कुणाच्या सहीने खर्च होते?

वसईच्या एखाद्या महाविद्यालयात प्रवेश पक्का झाला, की मिळणाऱ्या पावतीवर शिक्षण शुल्काच्या खाली बारीक अक्षरांत एक यादी असते. ग्रंथालय, जिमखाना, वार्षिक अंक, ओळखपत्र, अभ्यासेतर उपक्रम, विद्यार्थी कल्याण. त्याखाली विद्यापीठाच्या वाट्याच्या किरकोळ रकमा: क्रीडा व सांस्कृतिक उपक्रमांचे 30 रुपये, कुलगुरू निधीचे 20, आपत्ती निवारणाचे 10. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हे आकडे वर्षानुवर्षे असेच छापले गेले. पालक एकूण बेरीज पाहतात, पावती घडी घालून पाकिटात जाते. पण एकांकिका, कबड्डीचा संघ, वाङ्मय मंडळ या सगळ्यांचा पैसा याच ओळींमधून येतो. तो कसा वाटायचा, हे ठरवणारे हात मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत बरेच बदलले.

सुरुवात मुंबईतली आहे. 1848 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी त्यातलेच. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या वेगळ्या शाखा निघाल्या; मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. निबंध वाचणे, त्यावर वाद घालणे इथवर हे मंडळ थांबले असते, तर त्याची आठवण आज कुणी काढली नसती. पण 1849 मध्ये या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवायला पगारी शिक्षक परवडेना, म्हणून स्वतःच सकाळी विनामोबदला शिकवले. जागेचा प्रश्न आला तेव्हा नाना शंकरशेट यांनी गिरगावात जागा दिली, पारशी शेठांनी पैशाची मदत केली. संस्था विद्यार्थ्यांची, कामाची निवडही त्यांचीच. ‘जिमखाना फी’ नावाची गोष्ट तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

वसई या कथेत फार उशिरा येते. 1936 मध्ये बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि वसईची मुले मुंबईच्या महाविद्यालयांत जाऊ-येऊ लागली. पण अप-डाऊन करणाऱ्याला तालमीसाठी संध्याकाळी थांबणे जड जाते. मंडळाच्या बैठकीपेक्षा पुढची विरार गाडी महत्त्वाची. त्यामुळे तिथल्या मंडळांचे पदाधिकारी बहुधा जवळपास राहणारे. भाऊसाहेब वर्तक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या विद्यावर्धिनी संस्थेने 1971 साली वसई रोडला अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय सुरू केले, तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा गावातच सुटला. पुढे वसईत संत गोन्सालो गार्सिया आणि विरारला विवा ही महाविद्यालये आली.

योगायोग असा, की त्याच 1971 मध्ये पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ हा महोत्सव सुरू झाला. त्याचे पहिले अंदाजपत्रक 5000 रुपयांचे होते असे सांगतात. आज तो महोत्सव कुठल्या कुठे गेला आहे. त्याचे श्रेय नुसते पवईच्या हुशारीला देऊन भागत नाही. आयआयटी केंद्राच्या कायद्याखाली येते, तिथले जिमखान्याचे सरचिटणीस विद्यार्थी मतदानाने निवडत राहिले, आणि पैसा उभा करून तो खर्च करण्याची सवय एका तुकडीकडून दुसरीकडे गेली. वसईसारख्या राज्याच्या कायद्याखालच्या महाविद्यालयांच्या नशिबी वेगळेच होते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जीएसच्या निवडणुका म्हणजे छोटी विधानसभाच. वर्गावर्गाचे प्रतिनिधी म्हणजे सीआर, मुलींची प्रतिनिधी एलआर, आणि सगळ्यांवर सरचिटणीस म्हणजे जीएस. त्या काळाला सोनेरी मुलामा द्यायचे कारण नाही. चेकवर सही तेव्हाही प्राचार्यांचीच असे, आणि निवडून आलेल्या जीएसला वाङ्मय मंडळाच्या व्याख्यानापेक्षा गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात जास्त रस असे. तरी एक गोष्ट होती. क्रिकेटच्या किटला इतके आणि नाटकाला इतकेच का, असे विचारणारा माणूस मते मागून आलेला असे, आणि पुढच्या वर्षी त्याच्या गटाला पुन्हा मते मागायची असत.

1989 मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर निवडणुका बंद पडल्या आणि 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने हा बदल कायम केला. त्या कायद्याच्या कलम 40 नुसार महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष प्राचार्य. प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी, तोही प्राचार्यांनी नेमायचा. खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतला प्रत्येकी एक, शिवाय दोन विद्यार्थिनी, हेही नेमलेलेच. मतदान उरले ते एवढ्यापुरते, की या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडावा. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक जिच्यासमोर येई त्या स्थानिक व्यवस्थापन समितीत संस्थाचालक, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी असे सगळे होते, विद्यार्थी नव्हता.

हाणामाऱ्या थांबल्या, हे खरेच. पण गणितात पहिला आलेला मुलगा कबड्डीच्या मॅटसाठी भांडेल कशाला?

मग पैसा वाटला कसा जातो? पद्धत साधी आहे आणि बहुतेक महाविद्यालयांत थोड्याफार फरकाने तीच. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मंडळाचे प्रभारी प्राध्यापक अपेक्षित खर्चाचा कागद देतात. कार्यालय गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च काढते, आणि नवा आकडा त्याच्या आसपासच राहतो. ज्या मंडळाने गेल्या वर्षी पैसे वाचवले, त्याला यंदा कमी मिळतात. म्हणून मार्चमध्ये उरलेली रक्कम संपवण्याची घाई होते. जिमखान्याचा वाटा बहुधा मोठा, कारण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची प्रवेश फी, किट, प्रवासखर्च आणि अल्पोपाहार हे टाळता येत नाही. प्राध्यापक स्वतःच्या नावावर उचल घेतात, मोठ्या खरेदीला तीन ठिकाणची दरपत्रके जोडतात, कार्यक्रमानंतर बिले लावतात. रोख दिलेली रक्कम 5000 च्या वर गेली की पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. युवा महोत्सवाच्या एकांकिकेत खरा खर्च असतो मेकअपवाल्याचा, भाड्याच्या कपड्यांचा, सेट नेणाऱ्या टेम्पोचा आणि बाहेरून आणलेल्या दिग्दर्शकाचा. यातल्या निम्म्या माणसांकडे छापील बिलबुक नसते. लेखापरीक्षकाला बिल हवे असते. या दोघांच्या मधे अडकलेला प्राध्यापक पुढच्या वर्षी नाटकाऐवजी वक्तृत्व स्पर्धा सुचवतो. तिला दोन स्मृतिचिन्हे आणि चहा पुरतो.

हे सगळे वसईत घडावे, याचे जरा नवल वाटते. इथल्या माणसाला हिशेब विचारायची सवय आहे. 1918 साली स्थापन झालेली बेसीन कॅथॉलिक सहकारी बँक ही इथल्याच लोकांनी उभी केलेली. भागधारकांनी संचालक निवडायचे आणि सर्वसाधारण सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारायचे, हा तिचा रिवाज. ज्या घरातले आजोबा अहवालाचे पान धरून सभेत उभे राहतात, त्याच घरातली नात तीन वर्षे जिमखाना फी भरते आणि तिला तो अहवाल कधी दिसत नाही.

विद्यार्थ्यांच्या हाती सगळे सोपवले की प्रश्न मिटतो, असेही नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात विद्यार्थी सरकारच मंडळांना निधी वाटते. 1995-96 साली तिथे प्रत्येकाकडून वर्षाला 331.50 डॉलर उपक्रम शुल्क घेतले जाई, त्यातला साधारण पाचवा भाग विद्यार्थी मंडळांकडे. स्कॉट साउथवर्थ नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने न्यायालय गाठले: ज्यांचे विचार मला मान्य नाहीत त्यांच्या मंडळाला माझे पैसे का? 2000 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शुल्क वैध ठरवले, पण वाटप करताना मंडळाच्या मतांकडे पाहता कामा नये, अशी अट सांगितली. एखाद्या मंडळाचा निधी विद्यार्थ्यांच्या सार्वमताने ठरवण्याची जी सोय होती, तिच्यावर मात्र न्यायालयाने बोट ठेवले. बहुमताने अल्पमताचे पैसे कापले तर तटस्थता राहत नाही. वसईच्या महाविद्यालयांत कुपारी, आगरी, कोळी, वाडवळ, आदिवासी आणि गेल्या तीस वर्षांत चाळी-इमारतींतून आलेली उत्तर भारतीय, गुजराती मुले एकत्र बसतात. पारंपरिक दिवसाला कुणाचे नृत्य, कुणाच्या गाण्याला ढोलकीचे पैसे, हा प्रश्न इथेही आहेच. तो प्रभारी प्राध्यापकांच्या समंजसपणावर सुटतो.

भारतातही 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराने 5000 रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही आणि निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेले हिशेब द्यायचे. निवडणूक लढवण्याच्या पैशाची अशी काळजी घेतली गेली. निवडून आल्यावर वाटायच्या पैशाबद्दल फारसे कुणी बोलले नाही.

महाराष्ट्राने 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा केला आणि तो मार्च 2017 पासून लागू झाला. कलम 99 ने थेट निवडणुका परत आणल्या: अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी मतदानाने. त्याहून महत्त्वाचे कलम 97. जुन्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी महाविद्यालय विकास समिती आली. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या, वार्षिक अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे शिफारस करायची, ही तिची कामे. आणि तिच्या सदस्यांत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांची नावे कायद्यानेच घातली. अंदाजपत्रकाच्या टेबलाशी विद्यार्थ्याला दोन खुर्च्या मिळाल्या.

2019 मध्ये निवडणुकांची तयारी झाली, पण विधानसभेची निवडणूक तोंडावर असल्याचे कारण देत त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला. परिषदा बहुतेक ठिकाणी नेमणुकीच्याच राहिल्या. नेमलेला विद्यार्थी समितीत बसतो तो ज्यांनी नेमले त्यांच्याच समोर, आणि अंदाजपत्रकाच्या विषयाला बहुधा मान डोलावतो.

दरम्यान महोत्सव थांबलेले नाहीत. मुले डिसेंबरच्या आत वसई-विरारच्या सराफांकडे, कोचिंग क्लासवाल्यांकडे, बांधकाम व्यावसायिकांकडे फाइल घेऊन फिरतात. पावतीपुस्तक नसते, बोलणी बॅनरवरच्या जागेची असतात: स्टेजमागे लोगो हवा असेल तर इतके, प्रवेशद्वारावर असेल तर इतके. या पैशाचे वाटप मात्र तीच ठरवतात, कारण तो पावतीवरच्या कुठल्याच ओळीत बसत नाही.